फोटोतला दात

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार

फोटोतली बाई मी नाही!

कबनूरच्या स्थळाची चिठ्ठी आली – 'मुलगी फोटोत पसंत आहे, बावीस तारखेला रविवारी बघायला येतो.' दादा पेढेच घेऊन आला. मी म्हटलं, काय पाठवलंत ते मलाही दाखवा. उरलेली एक प्रत निघाली. साडी माझी, कानातले माझे, तोंड कुणाचं? माझा वरचा पुढचा दात शेजारच्या दातावर चढून बसलाय, दुधाचे पडले तेव्हापासून. फोटोत तो नाहीच. स्टुडिओवाल्यानं ब्रशनं पुसून सरळ ओळ काढली आहे.

हे वहिनीचं काम. पुढच्या खोलीत पार्लर चालवते, गल्लीतल्या बायकांच्या भुवया कोरते. नणंदेचा दात कोरायला तिला किती वेळ! वर म्हणते, "मी न्हाई सांगिटलं त्याला." चोराच्या उलट्या बोंबा.

४ फेब्रुवारी

दादाचं डोकं चाललं. फोटो आता बदलता येत नाही, म्हणून दात बदलायचा!

७ फेब्रुवारी, शनिवार

राजारामपुरीत दातांचा दवाखाना. डॉक्टर अवंतिका – माझ्याच वयाची, दात असे की दुकानाची पाटीच. बघताक्षणी आवडली नाही.

दादानं फोटो टेबलावर ठेवला. "म्याडम, असा करून द्या." तिनं भिंग लावलं आणि मोजायला लागली. म्हणाली, वरचे पुढचे दात चार असतात, ह्यात पाच आहेत. दादाला हसू आलं नाही. मला आलं, पण मी तोंड उघडलं नाही.

मग तिनं आमची शिकवणीच घेतली. हसू म्हणजे नुसते दात नाहीत. वरचा ओठ किती उचलतो, हिरडी किती दिसते, दातांची मधली रेघ नाकाखाली बरोबर येते का, दातांच्या कडा खालच्या ओठाच्या वळणानं जातात का – हे सगळं मिळून हसू. रंगाच्या दुकानातल्या कार्डासारखी दातांच्या रंगांची पट्टी असते तिच्याकडे, पिवळटापासून पांढऱ्यापर्यंत. "लोक सगळ्यात पांढरा मागतात. मग तोंडात बशी धरल्यासारखं दिसतं." थोडं वाकडं असलं तर हसू खरं वाटतं, असंही म्हणाली. एवढं कळतंय तर दवाखाना कशाला काढला बाई? विचारलं नाही.

तार लावली तर दीड वर्ष, पण दात माझाच राहील आणि जागेवर येईल. पंधरा दिवसांत हवं असेल तर नस काढायची, दात कापून खुंटी ठेवायची, वर कॅप. "चांगला दात आहे. कापायला मला आवडणार नाही."

"पंधरा दिवसांतलंच बघा," दादा म्हणाला. मला कुणी विचारलं नाही. दात माझ्या तोंडात आहे एवढाच माझा संबंध.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून भांडण. दादा – "कापला म्हणून काय मरतीस व्हय? नखं कापत न्हाईस?" वहिनी – "दातच जपा, संसार नको."

मी सांगितलं, हा आईचा दात आहे. आहेच. तिचाही हाच, ह्याच बाजूला, असाच चढलेला. मी शिकवते त्या चौथीच्या मुली माझं चित्र काढतात तेव्हा आधी हा दात काढतात, मग केस. उद्या आई नसेल तेव्हा तिचं म्हणून माझ्याजवळ एवढंच राहणार आहे. ते कापून कबनूरच्या कुण्या बँकेतल्या कारकुनाला वाहायचं?

आई डाळ निवडत होती. मान वर केली नाही. घरात ती एकटी माझ्या बाजूची.

११ फेब्रुवारी, बुधवार

खुर्चीत बसवलं. इंजेक्शन भरून तयार. डॉक्टरीणबाईंनी दादाला बाहेर काढलं, दार लावलं. "नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. कापलेला दात परत उगवत नाही."

म्हटलं, नाही.

"मग उठा."

ह्या बाईबद्दल शनिवारी लिहिलं ते मागे घेते. अर्धं.

१२ फेब्रुवारी

घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. बरं आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

येऊन गेले. मुलगा नागसेन, सगळा वेळ मान खाली. कारभार त्याच्या आत्याच्या हातात, बनाबाई. जयभीम झाला, पोहे दिले. बाईनं पर्समधून माझा फोटो काढला आणि माझ्या तोंडाशेजारी धरला. बाजारात कापडाचा रंग जुळवतात तसा.

"हासा बघू जरा."

हसले. मुद्दाम, सगळा दात दाखवून.

"ह्यात ह्यो दात न्हाई की."

दादा म्हणाला, फोटोवाल्याची चूक झाली.

"चूक व्हय? दात पुसायला त्याला सपान पडलंतं का?"

मुलानं तेवढं एकदा वर बघितलं. माझ्याकडे नाही, फोटोकडे. "आत्या, चला." पोहे तसेच राहिले.

आई स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. रडत होती बहुतेक.

२५ फेब्रुवारी, बुधवार

नकार. कळवलंय – दाताचं काही नाही, फसवलंत त्याचं वाईट वाटलं. बरोबर आहे त्यांचं. हेच मला जास्त लागलं.

वहिनीला नको नको ते बोलले. तुझ्या पार्लरला आग लाव म्हणाले. ती रडली नाही. "स्टुडिओत जाऊन इच्यारा. त्यानं माझं नाव घेतलं तर म्या आजच माहेराला जातो."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

शाळा सुटल्यावर गेले. स्टुडिओवाला, कृष्णात नाव त्याचं, पान लावत बसला होता. माझ्या वहिनीनं तुम्हाला काय सांगितलं होतं, म्हटलं.

"वहिनी कुठल्या? तुमच्या आई आलत्या की. एकट्याच. पदर तोंडाला धरून बोलत हुत्या. म्हटल्या, पोरीचा दात तेवढा घालवा, माझ्यागत दिसाय नको. लई इनवलं, म्हणून केलं. का, चांगला न्हाई आला?"

चालत घरी आले. आई हसताना पदर तोंडावर घेते, आणि मला वाटायचं ती मर्यादा आहे! चोवीस वर्षं त्या बाईच्या हातचं जेवतेय. आणि मी तिच्याच समोर तो दात मिरवत होते, आईचा म्हणून. राग आलाय, तिचाच. जे तिला स्वतःत नको होतं ते रोज माझ्या तोंडात बघत होती, आणि बोलली नाही.

वहिनीची माफी मागायची आहे. आज जमणार नाही.

२७ फेब्रुवारी

आईला सरळ विचारलं, "तुला करून घ्यायचाय का दात?" वाटलं, पदर ओढेल, 'ह्या वयात?' म्हणेल.

पदर खाली घेतला. म्हणाली, "कापताना लई दुखतंय व्हय गं?"