ट्रॅक्टरला सावडीत घेतात का?

॥ श्री ॥

बोर्ली पंचतन,
आषाढ, सन १९६४

तीर्थरूप गुणाजीमामा यांच्या पायांवर भाचा चंदर याने लांबूनच डोके ठेवले आहे, ते उचलून घ्यावे.

इकडे सर्व खुशाल. जे खुशाल नाहीत त्यांची हकिकत पुढे येईलच. तुमच्या गुडघ्याचे काय? मागे पाठवलेले तेल तुम्ही गुडघ्याला न लावता बैलाच्या खांद्याला चोळता, असे मामींनी कळवले होते. बैलाचा खांदा आता बरा असेल अशी आशा करतो. मामींचा खोकला पावसाने वाढला असेल तर त्यांना चुलीजवळ बसू द्या आणि तुम्ही थोडे लांब बसा, कारण खोकला धुराने वाढतो असे तुम्ही म्हणता आणि तुमच्या विडीने वाढतो असे त्या म्हणतात.

पत्र लिहिण्याचे कारण ट्रॅक्टर. (इथे तुम्ही पत्र खाली ठेवाल हे मला ठाऊक आहे. पाणी प्या आणि परत उचला.) शिमग्याला तुमच्याकडे आलो असताना मी बैल विकून ट्रॅक्टर घेणार म्हटल्यावर तुम्ही भरल्या पानावरून उठलात. त्याचा मला राग नाही. मुंबईला कारखान्यात राहून आलेल्या माणसाला इंजिनाचा वास ओळखीचा असतो, तुम्हाला तो नाही, एवढाच फरक. (मी कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवायला होतो, हे कृपया खाडीच्या या बाजूला कुणाला कळू नये.) तर घरी आलो आणि जोडी विकली. तोवर ट्रॅक्टर डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता, हे कबूल. पण जुने घरात असले की नवे आणणे लांबणीवर पडते, म्हणून आधी गोठा मोकळा केला. घेणारा कोण, तर आमच्या खाचराला लागून खाली ज्याचे खाचर आहे तो धर्माजी. म्हणजे बैल गेले ते बांधापलीकडे. रोज सकाळी दोघे आमच्या अंगणाकडे मान वळवून उभे राहतात आणि धर्माजीला त्यांना दावे धरून ओढत न्यावे लागते. तुमची भाचेसून केसर त्या वेळी घरात निघून जाते. मीही जातो, पण मला आत काम असते.

आता निवडीबद्दल. कंपनीचा माणूस, मखमलवाला नावाचा एक गोरागोमटा पारशी, वैशाखात लाँचने दिघीला उतरला. बरोबर एक यंत्र होते. दिघीहून बोर्लीपर्यंत ते यंत्र बैलगाडीतून आले. (हा तपशील तुम्हाला आवडेल म्हणून मुद्दाम लिहिला.) ते त्याने बाजारातल्या एका दुकानाच्या ओटीवर ठेवले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने त्याच्या चाकाला एकदा तरी लाथ मारून पाहिली. ट्रॅक्टर दोन जातीचे. एक चार चाकांचा, वर ऐटीत बसायची जागा असलेला. तो फक्त चित्रात होता. दुसरा दोन चाकांचा, दांड्या धरून मागून चालायचे, तो ओटीवर होता. मला अर्थात चित्रातला आवडला. मखमलवाल्याने त्याची रुंदी सांगितली, ती शेताकडे जाणाऱ्या आमच्या पाणंदीत बांबूने मोजून पाहिली, तर ट्रॅक्टर पाणंदीपेक्षा हातभर जास्त रुंद. तो शेतात न्यायचा तर धर्माजीचा गोठा पाडावा लागेल, आणि आत तर आमचेच बैल बांधलेले. म्हणून दोन चाकांवर समाधान मानले.

पण खरे सांगू का मामा, माझा जीव ट्रॅक्टरवर जडला नाही, तो त्याला जोडायच्या अवजारांवर जडला. मखमलवाल्याकडे चित्रांचे गुळगुळीत पुस्तक होते. नांगर होता, चिखलणीसाठी लोखंडी पात्यांची चाके होती, पाण्याचा पंप होता, गवत कापायची पट्टी होती, आणि माडाचे खड्डे पाडणारे माणसाएवढे गिरमिट होते. माझ्या वाडीत माड चार, चौघांचे खड्डे आजोबांनी पाडून ठेवलेले. तरी त्या गिरमिटाने मला कित्येक दिवस जेवण गोड लागू दिले नाही. सगळ्यात वरचढ म्हणजे मागे लावायची गाडी, तिला ट्रेलर म्हणतात. त्यात बाकावर केसर बसली आहे, मी पुढे दांड्या धरून, आणि आम्ही धर्माजीच्या दारावरून त्याच्याकडे न बघता दिवेआगरला चाललो आहोत, एवढे सगळे मी त्या एका चित्रात पाहिले.

केसरनेही पुस्तक पाहिले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिले आणि मखमलवाल्याला विचारले, "आन् ह्यो शेन कुठशी देतो?"

बिचाऱ्याने भल्या माणसासारखे पुस्तक परत चाळले. शेणाचे अवजार नव्हते. आता तुम्ही हसाल, तर हसून घ्या. शेण आणि पाला पसरून राब भाजला नाही तर रोप बोटभर वर येत नाही, हे लहानपणापासून डोळ्यांसमोर असूनही बैल विकताना माझ्या लक्षात आले नाही. शेण ही वस्तू अंगणात आपोआप असते, अशीच माझी समजूत होती. मखमलवाल्याने खताची गोणी दाखवली. केसरने त्यातले चिमूटभर हातावर घेतले, हुंगले, आणि हे मीठ आहे असा निकाल दिला. मग ती टोपली घेऊन धर्माजीच्या गोठ्यावर गेली. एका टोपलीमागे त्यांच्याकडे अर्धा दिवस काम, अशी बोली ठरली. म्हणजे आमच्याच बैलांचे शेण आम्ही राबून आणले आणि त्यावर आमचा राब भाजला. रोप मात्र झकास आले, त्यात बैलांचा किंवा माझा काही दोष नाही.

पाऊस लागला, खाचरे भरली आणि आमच्याच शेतात यंत्राची परीक्षा ठरली. मखमलवाला म्हणाला, पसंत पडले तर घ्या. अर्धी बोर्ली बांधांवर इरली घेऊन उभी. यंत्र सुरू झाले आणि मामा, काय सांगू, असे धावले की माझा ऊर भरून आला. आमची खाचरे तुम्ही पाहिली आहेत. दोन ढांगा टाकल्या की संपली. बांध जवळ आला. आता इतकी वर्षे बैलांमागे चाललेला माणूस बांधापाशी काय करतो? तो जिभेने टकटक करतो, 'हां हां, फिर माझ्या राजा' म्हणतो आणि दांडीवरचा भार हलका करतो, पुढचे बैलांना कळते. मी हे सगळे अगदी व्यवस्थित केले. जिभेने टकटक केली, राजा म्हटले, भार हलका केला. यंत्राला कुणी राजा म्हटल्याचे काही वाटले नाही. मागून मखमलवाला "खटको दबावो, अरे खटको दबावो!" असे ओरडत होता, तो खटका दांडीखालीच होता, पण त्या वेळी मी यंत्राला चुचकारत होतो.

यंत्र बांध फोडून पलीकडे गेले. मागोमाग आमच्या खाचराचे पाणी गेले, वरच्या खाचराचेही गेले. पलीकडे धर्माजीचे खाचर, आदल्या दिवशीच लावून झालेले. सगळे रोप उपटून तरंगत जाऊन कोपऱ्यात गोळा झाले. यंत्र मध्यभागी पोटापर्यंत रुतले, दोनदा उचकी दिली आणि गप्प झाले. बांधावर कुणी हसले नाही, त्यावरून मला प्रकरण किती वाईट आहे ते कळले.

यंत्र काढायला धर्माजीने बैल आणले. म्हणजे आमचेच. त्याने जू चढवले, दोर बांधला, हाका मारून मारून त्याचा घसा बसला. जोडी जागची हलेना. मी चिखलात उभा होतो. मी हळूच नुसते "चला रे बाबांनो" म्हटले, आणि दोघांनी खांदे दिले. यंत्र एका ओढीत वर आले. त्यानंतर मी बराच वेळ तोंडावरचा चिखल पुसत होतो. चिखल तेवढा नव्हता.

संध्याकाळी धर्माजीच्या पडवीत सावडीची बैठक बसली. तुमच्याकडची सावड मोडून जमाना झाला, इथे अजून कडक आहे. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. ज्याने जोडी आणली त्याच्याकडे जोडी जाणार, ज्या घरच्या बाईने लावणी केली त्या घरी बाया जाणार. मी सरळ मुद्द्याला हात घातला. माझ्याकडे बैल नसले तरी यंत्र येणार आहे, तेव्हा एक यंत्र म्हणजे किती जोड्या, ते ठरवून टाका. माझ्या मते तीन.

धर्माजी म्हणाला, "सावडीला आला त्याला न्ह्यारी द्याया लागते. ह्याला राकेल कोन पाजील? आन् ह्यानी फोडलेला बांध घालाया कोन येल? ह्योच येल काय?"

मी म्हटले, बांध घालायचे अवजार पुस्तकात बघावे लागेल. हे बोलायला नको होते. बैठकीने मला सावडीतून काढले. केसरला मात्र ठेवले, कारण तिचे हात कुणाचे देणे लागत नव्हते, आणि लावणीची ओळ तिच्याशिवाय सरळ जात नाही हे धर्माजीच्या बायकोनेच सांगितले. दुसऱ्या दिवशी केसरने सगळ्यांत आधी धर्माजीचे ते खाचर पुन्हा लावून दिले. तेव्हापासून ती रोज पहाटे इरले घेऊन निघते, सगळ्या गावाचे शेत लावते, आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन येते. मी भात शिजवून ठेवलेला असतो. कुणाची लावणी किती छान झाली ते ती मला सविस्तर सांगते. मी ऐकतो. गावातली एकूण एक बाई आता तिची देणेकरी आहे आणि बोलावले तर धावत येईल, पण कुठे येईल? आमच्या खाचरांना अजून नांगर लागलेला नाही. बांध फुटका तो फुटकाच, आणि आत तण माजते आहे. राबातले रोप पिवळे पडायला लागले आहे. हा आठवडा गेला तर ते लावण्यासारखे राहणार नाही आणि यंदा आमच्या घरात भाताचा दाणा यायचा नाही. यंत्र धुऊन परत दुकानाच्या ओटीवर गेले आहे. मखमलवाला अजून माझ्याशी बोलतो, घराबाहेर एवढा एकच माणूस.

असो. तर तुमचे मत पाहिजे आहे ते असे: दोन चाकांचाच घ्यावा की चार चाकांच्यासाठी पाणंद रुंद व्हायची वाट पाहावी? चिखलणीची चाके घ्यावीत की आधी पंप? आणि ट्रेलरबद्दल तुमचे काय म्हणणे आहे? उत्तर सावकाश दिले तरी चालेल. मामींना नमस्कार आणि लहानांच्या पाठीवर एकेक धपाटा माझ्या वतीने.

तुमचा, शिव्या खाऊनही तुमचाच,
चंदर

ता. क. : गोदूबाई मासळीवाली सांगत होती की तुमची लावणी आटपली. मग तुमची ती दुसरी जोडी गोठ्यात नुसती उभी राहून खात असेल. मोकळ्या जनावराचे सांधे धरतात, असे तुम्हीच नेहमी म्हणता. खाडी ओलांडून या बाजूला त्यांना थोडा हवापालट झाला तर त्यांच्याच तब्येतीला बरे, आगरदांड्याहून होडी तर सुटतेच आहे. माझे काही नाही. मी फक्त त्यांच्या सांध्यांचा विचार करतो आहे.

दुसरा ता. क. : वरचे खोडणार होतो, पण कागद फाटेल. नीट लिहितो. मामा, बैल पाठवा. तुम्ही शिमग्याला बोललात ते सगळे बरोबर होते. रोप डोळ्यांदेखत मरते आहे आणि केसर मला एका शब्दानेही बोल लावत नाही, ते मला सोसवत नाही. बैल पाठवा.

तिसरा ता. क. (दोन दिवसांनी) : पत्र टाकायला बाहेर पडलो तर तुमचा गडी बैल घेऊन अंगणात उभा. गोदूबाईच्या हाती केसरने निरोप धाडला होता, मी हे पत्र लिहायला बसण्याच्याही आधी. मला पत्ता नाही. गड्याने तुमचा निरोप सगळ्या आळीला ऐकू जाईल असा सांगितला: जोडी केसरला दिली आहे, चंदरने विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. धर्माजीने ऐकले. तेव्हा आता सावडीत जोडी केसरच्या नावाची आहे, बैठकीने ती हसत हसत मान्य केली, आणि धर्माजी उद्या स्वतःची जोडी घेऊन आमच्याकडे चिखलणीला येतो आहे. बांध आधी मी घालायचा, अशी त्याची अट. घातला. केसरला विचारले, नांगर मी धरू का? तिने आधी बैलांकडे पाहिले आणि मग हो म्हटले. मामा, इतका आनंद मला त्या ट्रेलरच्या चित्रानेही झाला नव्हता.

आता काम झालेच आहे तेव्हा हे पत्र फाडून टाकावे म्हणून मी चुलीकडे निघालो होतो. केसरने हातातून काढून घेतले. म्हणाली, "बैल आलं तरी धाडा. 'बैल पाठवा' ह्यो तुमच्या हातचा लिवलेला मामांनला एकदा दिसूंदे."

म्हणून धाडतो आहे.