शून्य स्थलांतर

१५ सप्टेंबर, सोमवार
ठरलं. नोव्हेंबरच्या शिक्षण परिषदेत मी बोलणार. विषय: बोलीभाषिक विद्यार्थ्यांना शाळेचा आधार. अख्ख्या जिंतूर तालुक्यात या विषयावर माझ्याइतका विचार कोणी केलेला नाही. मीही आजच सुरू केला. उपक्रमाचं नाव 'तांडा टू टॉप'. माझ्या चौथीत बंजारा तांड्यावरची अकरा लेकरं. घरी गोरबोलीत कलकलाट, वर्गात चिडीचूप. संकल्प: रोज त्यांच्या बोलीतले दहा शब्द शिकणे.

१६ सप्टेंबर
तीन शब्द झाले. याडी म्हणजे आई. बाटी म्हणजे भाकरी. कोनी म्हणजे नाही. शिकवणारी निकिता राठोड. बाकी कोणी तोंड उघडेना, ही मात्र टेबलाला टेकून चार्टवर शब्द लिहून देते. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. उरलेले सात उद्या.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
शब्द तीनच. क्वालिटी महत्त्वाची.
ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांची यादी ३० तारखेच्या आत द्यायचीय. यादीत नाव आलं की हंगामी वसतिगृह: आई-बाप कारखान्यावर, लेकरू आजीपाशी तांड्यावर, जेवण दोन्ही वेळा शाळेत. त्यासाठी घरोघर जाऊन सह्या-अंगठे घ्यायचे. तिसरीच्या रोहिणी मॅडमनी स्कूटीवर जाऊन त्यांच्या वर्गाचं उरकलंसुद्धा. म्हणाल्या, तुमी बी जाऊन या सर, दीड किलोमीटर तर हाय. मी म्हणालो, मी अभ्यासपूर्ण जाणार. सोमवारी नक्की.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. उपवास. उपाशीपोटी चिखल तुडवणं बरं नाही.

२५ सप्टेंबर
गुडघा. शिवाय ऑनलाइन ट्रेनिंग.
निकिताची आजी कस्तुराबाई स्वतःच शाळेत आली. म्हणाली, पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल सर, तुमी फकस्त तिच्या बापाला येऊन सांगा, तुमचा शबुद मोडायचा न्हाई त्यो. मी म्हणालो, आजी, अजिबात काळजी नको, येतोच. तिला चार्ट दाखवला. वाचता येत नाही, पण नातीचं अक्षर बघून हसली. उपक्रम पालकांपर्यंत पोचतोय.

३० सप्टेंबर, मंगळवार
शेवटचा दिवस. कोरा फॉर्म समोर. ज्या परिषदेत मी 'आधार' या विषयावर बोलणार, तिथं माझ्याच वर्गातली सहा लेकरं ऊसतोडीला जातात असं दाखवायचं? पार फज्जा. शाळेतच बसून भरला: 'स्थलांतर: शून्य'. खोटं नाही, सकारात्मक अंदाज आहे. मी तांड्यावर जाऊन समजावणारच आहे, मग कोण कशाला जाईल? स्लाइड नंबर पाचवर मोठ्या अक्षरात टाकला. शोभून दिसतो.

१ ऑक्टोबर
दसऱ्याच्या खरेदीला जिंतूर. बायको राजेश्री म्हणाली, बाजारात बरा चालायलाय की गुडघा तुमचा. तिला शिक्षणक्षेत्र कळत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा दिवस. शाळा सुटल्यावर निकिता दप्तर लावून टेबलापाशी उभी. एकच वाक्य तीनदा म्हणाली: म कोनी जाऊं. डोळ्यांत पाणी. सुटी लागली की लेकरं हळवी होतात. पण काय सहज वाक्य! लगेच लिहून घेतलं. स्लाइड नंबर सात: 'आपल्या बोलीत मोकळं होणारं मूल'. पाठीवर थाप दिली, शाब्बास म्हणालो. ती आणखी थोडा वेळ उभी राहिली, मग गेली.
तांड्यावर दिवाळीत जाणे. नक्की.

३ नोव्हेंबर, सोमवार
शाळा उघडली. सहा जागा रिकाम्या. दिवाळीचा आळस. येतील.

५ नोव्हेंबर
आली नाहीत. रोहिणी मॅडमची लेकरं मात्र दोन्ही वेळा शाळेत जेवायलीत. माझ्या सहांचं विचारलं, तर म्हणाल्या, यादीत नावच न्हाई, तर बापानं लेकरू कुणाच्या भरवशावर ठेवावं? निकिताच्या बापानं म्हणे तुमची वाट बघत दोन दिवस टोळीचा ट्रक अडवून धरला. तिसऱ्या दिवशी मुकादम ऐकेना.
मॅडमचं बोलणं जरा टोचरं आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
परिषद. सुरुवात झकास. स्लाइड पाचला टाळ्या. स्लाइड सातला मागच्या रांगेतून एक तरुण शिक्षक उठले, स्वतः तांड्यावरचे. म्हणाले, सर, या वाक्याचा अर्थ सांगता का सगळ्यांना? मी म्हणालो, भावार्थ घ्यावा. ते म्हणाले, मी जाणार नाही, असं म्हणतीय ती पोरगी. कुठं जायचं नव्हतं तिला?
कोनी मला येत होतं. तिनंच शिकवलं होतं, १६ सप्टेंबरला. इथंच लिहिलंय.
नंतर काय बोललो, आठवत नाही. प्रमाणपत्र मिळालं. पिशवीतून बाहेर काढलेलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
तांड्यावर गेलो. चालत वीस मिनिटं. गुडघा दुखला नाही.
कस्तुराबाईनं आधी पाणी दिलं. मग म्हणाली, आता आलाव व्हय सर. निकिता गंगाखेडच्या पलीकडं कुठल्याशा फडात आहे. मोळ्या बांधती म्हणे. जाताना शाळेची वही नेली तिनं. मला तिथंच रडू आलं. म्हातारीच मला म्हणाली, रडू नगा.
का कोण जाणे, एक कोरा फॉर्म आणि शाईचं पॅड घेऊन गेलो होतो. तिनं ते पाहिलं आणि विचारलं, अंगठा दिऊ का, येईल का माघारी पोरगी? मुदत संपली, एवढे दोन शब्द माझ्या तोंडून फुटले नाहीत. ना मराठीत, ना तिच्या बोलीत.
तिनं पदरानं बोट पुसलं आणि नीट दाबून अंगठा दिला.
फॉर्म माझ्यापाशी आहे. कुठं द्यायचा, माहीत नाही.