दोन वाजताचं औषध

मी रेस्टी नामुद्दू, वय एकोणीस पूर्ण, लुबेगा चपातीवाल्यांची बायको, राहणार किकोन्डो बाजार, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कुणी धाक घातलेला नाही आणि मी काही प्यायलेली नाही. शाळा सीनियर टूलाच सोडली, तेव्हा चुका असतील.

चेअरमन कावूया काका, हा कागद तुम्ही माझ्या मातीला सगळ्यांसमोर वाचायचा. मधलं काही गाळू नका. लाऊडस्पीकर भाड्याने आणतातच, त्यावरच वाचा. गुडघे टेकून नमस्कार करते तेवढाच माझा आवाज या घरात ऐकलाय, म्हणून.

सोमवारी माझं पोट कापून बाळ काढणार आहेत. वार खाली बसलीय, रक्त फार जाऊ शकतं असं डॉक्टरीण म्हणाली. मी परत आले तर हा कागद चुलीत घालीन आणि पुन्हा गप्प बसेन.

पहिलं. तवा, शेगडी, पोळपाट माझ्या आईला. यांच्या घशाखाली घास उतरेना तेव्हापासून गाडा मीच चालवला, त्यामुळे यात कुणी बोलायचं नाही.

लग्नातली गोमेसी माझ्या अंगावरच राहू द्या. नणंदबाई नाकियिंगी यांनी ती दोनदा मागितली, "तुला खांद्यात ढगळ होते गं" म्हणून. होऊ दे ढगळ.

सासरच्यांनो, बाळ जगलं तर नाव तुमच्या कुळाचं ठेवा, तो तुमचा हक्क. वाढवेल माझी आई.

शेळी पास्टर सोझी यांच्या अंगणात बांधलेली आहे. ती माझी. नेली तेव्हा गाभण होती, म्हणजे करडूही माझं. दोन्ही परत आणून आईला द्यावीत. का, ते आता सांगते.

यांना अन्ननळीचा कॅन्सर आहे. मोठ्या इस्पितळातून घरी पाठवलं, की आता बरं होणार नाही, दुखणं तेवढं थांबवू. त्याआधी वैदूच्या औषधी मातीच्या कांड्या झाल्या. त्या मीच उगाळल्या, मीच पाजल्या. तेव्हा माझाही विश्वास होता. मग तीन आठवडे नुसतं पाल्याचं पाणी. यांचे गाल आत गेले तेव्हा माझा विश्वास गेला. नर्स अचेंगबाई दर आठवड्याला मोटरसायकलवरून दुखण्यावरचं हिरवं औषध, मॉर्फिन, आणून द्यायला लागली. चार-चार तासांनी द्यायचं. त्यावर हे बसायचे, पेज घ्यायचे, गाड्यावरच्या उधारीवाल्यांच्या नकला करायचे.

ईस्टरनंतर नणंदबाई पास्टरांना घेऊन आल्या. बाटली बघून मला म्हणाल्या, "हे मरणाऱ्यांना देतात. माझ्या भावाला जिवंतपणी पुरतेस का गं?"

"वन्सं, त्यांना दुखतं."

"दुखतंय म्हणजे सैतान निघतोय. निघू दे की!"

पास्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "या घरात विश्वास कमी पडतोय."

नणंदबाईंनी बाटली केळीच्या बुंध्यात ओतली. दोन दिवस माझा नवरा उशी चावत होता. नणंदबाई पुढच्या खोलीत भजनं म्हणत होत्या. पास्टर आपली बाटली ठेवून गेले होते, पिवळ्या स्टिकरची. आत पाल्याचं पाणी, हिरवट आणि कडू.

आता ऐका. तिसऱ्या दिवशी अचेंगबाई नवं औषध घेऊन आली. मी पास्टरांचं पाणी केळीला घातलं. केळीला बरं-वाईट काहीच झालं नाही. मग त्या पिवळ्या स्टिकरच्या बाटलीत अचेंगबाईचं औषध भरलं. तेव्हापासून मी सिरिंजने मोजून कपात काढून देते आणि नणंदबाई प्रार्थना म्हणून पाजतात. पहिल्याच दिवशी माणूस झोपला.

त्या रविवारी नणंदबाईंनी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं की पास्टरांच्या पाण्याने भाऊ झोपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. संध्याकाळी माझी शेळी सोडून पास्टरांना दिली. मला विचारलं नाही.

यांना मात्र कळलं होतं. "रेस्टे," मला म्हणाले, "पास्टरच्या पाण्याला आज अचेंगबाईच्या हाताची चव आहे."

म्हटलं, "गप्प प्या."

हसताना त्यांना ठसका लागला.

मी नसले की ही बाटली संपेल. नणंदबाई ती पास्टरांकडून भरून आणतील आणि हे पुन्हा उशी चावतील. ऑपरेशनपेक्षा मला याची भीती जास्त आहे. खूप विचार केला की हे काम कुणाला देऊ. आई लांब राहते. अचेंगबाई आठवड्यातून एकदाच येते. घरात तुम्हीच आहात, वन्सं.

तुम्ही मला आवडत नाही. अजून दहा वर्षं राहिले असते तरी आवडल्या नसतात. पण चार महिन्यांत तुम्ही एक वेळ चुकवली नाहीत, रात्रीची पण नाही, हे मला लिहावं लागतंय. म्हणून माझा नवरा तुमच्यावर सोपवते. स्टिकर राहू दे. प्रार्थना म्हणा, हवी तेवढी लांब म्हणा. आत मात्र अचेंगबाईचंच औषध पाहिजे. परत ओतलंत, तर काय ओतलंत ते आता सगळ्या गावाला माहीत आहे.

बाटली पिठाच्या डब्यामागे आहे. सिरिंज तिलाच बांधलीय. लाल नेलपॉलिशची रेघ आहे, तिथपर्यंत. त्याच्या वर नाही, खाली नाही.

आपल्याकडे माती दुपारी दोनला असते. यांच्या औषधाची वेळही दोनच. चेअरमन काका, इथे थांबा आणि घड्याळ बघा. नणंदबाई उठून आत जाऊन येईपर्यंत मला पुरू नका.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं आणि खाली नाव घातलं. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं, आतलं वाचलेलं नाही. पाकीट डिंकाने चिकटवून चेअरमनकडे दिलं.

सही: नामुद्दू रेस्टी

साक्षीदार: १. कावूया एरिसा, गावचे चेअरमन
२. अचेंग स्टेला, नर्स

किकोन्डो बाजार, शुक्रवार, १६ ऑगस्ट २०१९