मागची जागा

टेंभुर्णी, तालुका जाफराबाद
कार्तिक, सन १९४६

प्रिय उषा,

मायन्यात चिरंजीव, सौभाग्यवती असं काही न लिहिता सासऱ्यानं नुसतंच प्रिय लिहिलं म्हणून बावरू नको. आज सासरा म्हणून लिहीत न्हाई, बापासारखा लिहून राह्यलो. इकडं कापसाची वेचणी चालू आहे, बायका मिळता मिळेनात. कपिली व्याली, कालवड झाली. तुझ्या आत्याबाईचे गुडघे धरलेत, तरी जात्यापासून उठवलं की अंगावर येते. तू माहेरी जाऊन वर्ष झालं, पण अजून तुझ्या वाटणीची भाकरी थापते आणि मंग माझ्यावरच खेकसते, की तुम्हाला तोंड न्हाई का सांगायला म्हणून.

मागल्या महिन्यात गुरुजी आल्ते. म्हणाले, रामराव, धर्मराज बर्माच्या आघाडीवर विमान घेऊन गेला तो गेलाच. लढाई संपली, कैदेतली माणसंसुद्धा घरोघर परतली. ज्याचा देह मिळत न्हाई त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. लेकराला किती दिवस ताटकळत ठेवणार? मी असा भडकलो, की गुरुजी पायताण घालायचं विसरून ओट्याखाली उतरले. पण तुझ्या आत्याबाईनंच होय म्हटलं. तिची अट एकच. माझं लेकरू पायी धाडायचं न्हाई, त्याचं विमान त्याच्यासंगं द्या.

आता विमान कुठून आणावं? कचरू सुतार म्हणाला, मालक, बैलगाडी सांगा, नांगर सांगा, विमान म्या पाहिलेलं न्हाई. शेवटी बद्रीनाथ मास्तरांनी तोड काढली. सिकंदराबादेत गोऱ्यांच्या छावणीजवळ एका दुकानात लढाईतल्या विमानांचे डबे मिळतात. आत लाकडाचे तुकडे असतात, जोडले की हुबेहूब तसंच विमान, फक्त हातभर. मंग मी धर्मानं धाडलेला, विमानाजवळ उभा असलेला त्याचा फोटो खिशात घातला आणि जालन्याहून रेल्वेनं सिकंदराबादला गेल्तो.

दुकानदार म्हातारा पारशी, भला माणूस. त्यानं विचारलं, तुमचा मुलगा कोणतं चालवायचा? घ्या! सख्खा बाप मी, आणि मला ठाऊक न्हाई. धर्माची पत्रं यायची तीच सरकारनं काळं फासलेली. मला एवढंच ठाऊक, की विमान दोघांचं. पुढं धर्मा, मागं गुरबचन.

गुरबचनचं तुला काय सांगावं! एक पत्र त्याच्यावाचून आलं न्हाई. धर्मा लिहायचा, बाबा, काळजी बिलकुल करू नका, वर मी एकटा नसतो, मागच्या जागेवर गुरबचन बसतो, पाठीमागचं सगळं तो बघतो. तो बेसूर गातो, तो आईचे लाडू माझ्याआधी संपवतो. तेव्हापासून तुझी आत्याबाई लाडू दुप्पट करायला लागली. तू दोन रुमालांवर वेल भरलीस तेव्हा मी थट्टा केल्ती, की नवऱ्याआधी त्या पंजाब्याचा रुमाल पुरा झाला. फोटोत तो न्हाई, कारण फोटो त्यानंच काढला असं धर्मानं लिहिलं होतं. बेपत्ता म्हणून तार आली तेव्हा सगळं घर ऊर बडवत होतं आणि तू एकटी ताठ उभी होतीस. दोघं होते, मामंजी, दोघांपैकी एक तरी येऊन सांगंल, असं तू म्हणालीस. आम्हीही तेच धरून बसलो.

पारशानं दोन डबे पुढं ठेवले. एक पोटानं मोठं, दोन जागांचं. दुसरं एकाच जागेचं, नाव हरिकेन. मी म्हटलं, हे तर आमच्या कंदिलाचं नाव, आणि हसलो. त्यानं फोटो घेतला, नाक बघितलं, पंख बघितले आणि बोट ठेवलं. बराबर हरिकेन. मी म्हटलं, अहो चुकताय, मंग गुरबचन कुठं बसायचा? त्यानं डबा उघडून तुकडे मांडले. आत चिंचोक्याएवढी एकच खुर्ची. मी येड्यासारखा सगळे तुकडे उलटेपालटे केले, डबा झटकला, दुसरी खुर्ची शोधत राह्यलो. त्या भल्या माणसानं मला स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. माझं लेकरू तिथं एकटं होतं गं, उषा. एकटंच होतं.

मंग मी दोन जागांचा डबा उचलला. तुला खरं सांगतो, तोच घेणार होतो. इथं कुणाला काय कळणार होतं? घरी गुरबचन राहिला असता, तुझ्या आत्याबाईचा धीर राहिला असता, तूही वाट बघत राहिली असतीस. लई वेळ दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसलो. शेवटी हरिकेनच आणलं.

मास्तर वाचून सांगत गेले आणि कचरूनं जोडलं. तुझ्या आत्याबाईनं ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि कचरूवर डाफरली, मागची जागा राहिली की रे मेल्या. त्याच्याकडून तिनं मागं एक खोबण पाडून घेतली. म्हणते, त्या पोराच्या घरच्यांनी त्याचं केलं असंल नसंल, आपण दोन पुतळे करू.

परवा तुझे वडील आल्ते. अंबडकडचं स्थळ आहे, माणूस बायको वारलेला पण सालस, पाट लावायला राजी आहे. तू म्हणालीस म्हणे, गुरबचन येऊन सांगंल तेव्हा बघू. ते माझ्याकडं बघत बसले आणि मला मान वर करवंना. म्हणून हे पत्र. पोरी, गुरबचन येणार न्हाई. आपल्या धर्माच्या मागं कुणी बसलेलंच नव्हतं. आपल्याला रातची झोप यावी म्हणून त्यानं तो बसवला होता. तुझ्या आत्याबाईला मी हे कधी सांगणार न्हाई. तिचं आता काय राहिलंय? पण तुझं सगळंच राहिलंय. अमावास्येला अग्नी देणार आहे. तू येऊ नको. वडिलांना होय म्हण.

तुझाच,
रामराव मामंजी