चौकातली रांग

२० सप्टेंबर, शनि.
उद्या सर्वपित्री. वडील गेल्यापासून पान ठेवायचं काम माझ्याकडे. पांडूआजोबांचंही ठेवायचं. ते आजोबांचे थोरले भाऊ, इंग्रजांच्या मराठा पलटणीतून जावा बेटावर गेले, परत आले नाहीत. तिथी कुणालाच माहीत नाही, म्हणून अमावस्या.
गावाहून आईचा फोन. "एकेकाचं नाव घे. नुसतं 'या सगळे' म्हणू नको. परकी जागा हाय."
सौ.ने उडीद भिजत घातले. आमच्या गावात घरटी एक सैनिक, मी मात्र मायक्रोचिपच्या कारखान्यात पांढरा झगा घालून उभा. आणि नेदरलँड्समध्ये, या नायमेखनमध्ये घर मिळालं तेही जुन्या बराकीत! जर्मनीची हद्द जवळ, म्हणून पूर्वी इथे फौज असे. नंतर जावाकडच्या बेटांवर पाठवायचे डच शिपाई इथेच तयार होत. कवायतीच्या चौकात आता फरशी, बाक, सायकलींचा स्टँड.

२१ सप्टें., रवि.
चौकातल्या कठड्यावर पान ठेवलं. वडिलांचं नाव घेतलं, पांडूआजोबांचं घेतलं. कावळे छपरावर बसून बघत राहिले. एकही खाली येईना.
खालच्या मजल्यावरचे ओम साम काठी टेकत आले. 'ओम' म्हणजे काका. वय ऐंशीच्या पुढे. "पन्नाशीला आलास की रे, आणि कावळ्यांची मनधरणी करतोस?" मी काय ते सांगितलं. हसायचे थांबले. त्यांचे वडील मोलुकस बेटांवरचे, डच फौजेतले. डचांनी बेटांवरचीच माणसं भरती करून बेटांवरच्याच माणसांवर बंदुका धरायला लावल्या. राज्य गेल्यावर बोटीत घालून इकडे आणलं, आणि धक्क्यावर उतरताच फौजेतून काढून टाकलं. "मरेपर्यंत हुकमाची वाट बघितली त्यांनी. इस्त्रीचा गणवेश तयार ठेवून."
मन भरून आलं. हात जोडले आणि तोंडून निघून गेलं, "या बराकीत राहिलेले, कुणाचेही असा, सगळे या."
कावळे एकदम उतरले. सगळे. आवाज नाही. पान स्वच्छ झालं तरी उडाले नाहीत. फरशीवर एका ओळीत बसून राहिले.

२४ सप्टें.
लेक इरा शाळेतून आली. सायकल चौकातून सरळ न आणता भिंतीच्या कडेने, लांबून. का गं? डचमध्ये म्हणाली, मधे लोक उभे आहेत ना. सहज. जसं काही मी विचारणंच वेडेपणाचं.
चौकात कुणी नव्हतं.

२६ सप्टें.
आज लक्ष ठेवलं. पोस्टमन कडेने गेला. कुत्रा घेऊन जाणारी बाई कडेने. त्यांना विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे.
नंतर ध्यानात आलं, कचरा टाकून मीही कडेनेच आलो.

२८ सप्टें., रवि.

इराला मराठी सगळं कळतं, पण बारा वर्षांत एक वाक्य धड बोललेली नाही. आज दिवेलागणीला खिडकीशी ताठ उभी होती. म्हणाली, एक माणूस रोज विचारतो. काय विचारतो? तर तिने जसंच्या तसं म्हणून दाखवलं:
"कुनाची गं तू पोरी? चलतीस का आमच्यासंगं? रांगेत एक जागा हाय."
हे आमच्या गावचं बोलणं. माझ्या घरात असं कुणी बोलत नाही, मीसुद्धा आता नाही. जो आवाज आमच्या घरात ऐंशी वर्षांत कुणी ऐकला नाही, तो...
मग मला विचारलं, "जाऊ?" मराठीत.


३० सप्टें.
इरा जेवत नाही. हाउसआर्त्सकडे नेलं. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. इथल्या डॉक्टरांचं दुसरं काही असतं का?
सौ. रडली. "तुमच्या भक्तीपायी माझी पोर जायची."
आईला फोन केला. सगळं ऐकून घेतलं. मग, "बोलावलंस, निरोप दिलास का?" नाही दिला. "मग ते जातील कसे? पाणी सोड आणि म्हण, आलात तसे सुखाने जा. सगळ्यांना एकदम. एकाला ठेवून बाकीच्यांना जा म्हणता येत नाही."

१ ऑक्टो.
ओम साम रोज संध्याकाळी चौकात खुर्ची टाकून बसतात, हवेकडे बघत. त्यांना निरोपाचं सांगितलं.
"शेवटून तिसरे माझे वडील आहेत," म्हणाले. "टोपी तिरकी. तशीच घालायचे."
मग माझ्याकडे वळले.
"एकदा धक्क्यावर हाकललं त्यांना. आता तू हाकलणार?"
"ओम, माझी मुलगी..."
खुर्ची न उचलता आत गेले.

३ ऑक्टो.
पाणी सोडायला गेलो, दारातून परत आलो. पांडूआजोबाही जातील, हेही मनात आलं. आलं, खोटं कशाला लिहू.
देवाजवळ बसलो. मार्ग दिसेना. इरा आज शाळेत गेली नाही. चौकात जायला बूट घालून बसली होती. सौ.ने दाराला आतून कुलूप लावलं.

५ ऑक्टो., रवि.
संध्याकाळ. इराचा ताप वाढला. आता विचार नको म्हणून तांब्या भरून खाली उतरलो.
ओम साम चौकात उभे. काठीशिवाय. पाठ ताठ, हात मांडीला चिकटलेले. डाव्या-उजव्या बाजूला माणूसभर अंतर सोडून.
"ओम, आत चला. थंडी आहे."
मान न वळवता म्हणाले, "जागा भरली रे. पोरीला सांग."
मागून खिडकी उघडली. सौ. ओरडली, "अहो, इरा भात मागतेय!"
निरोप आता दिला, तर तो सगळ्यांना लागेल, ओमनाही.
ओम साम यांना पुन्हा हाक मारली. मान वळली नाही. छातीचं हलणंही दिसेना, अंधार पडत होता.
वर येऊन हे लिहितो आहे. इरा दोनदा भात जेवली. तांब्या टेबलावर, भरलेला. सौ. विचारते आहे, सोडलंत ना पाणी?