आईच्या गळ्यातली खरखर

दादा,

सुरुवातीला 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. जय भीम तेवढा घे.

तू गेल्यापासून लोकांनी तुझ्याबद्दल इतकं गोड बोलून ठेवलंय की माझ्या वाटणीचं कडू बोलायला जागाच राहिली नाही. शोकसभेत प्रत्येक जण उठून सांगत होता, विजय म्हणजे कसा देवमाणूस. मी खाली मान घालून बसलेले. बायकांना वाटलं, भावासाठी रडतेय. मी रडत नव्हते रे. आपलं भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलास, म्हणून दातओठ खात बसलेले.

आज का लिहितेय? काल आंबिवलीच्या विहारात आई गायली आणि साउंडला मी होते. तुझं ते मशीन मी चालवलं. तू जिवंत असताना ज्याला मला बोटही लावू दिलं नाहीस, तेच. वाटलेलं, चालवताना तुझी आठवण येईल, थोडा राग उतरेल. झालं उलटंच.

ते मशीन घरात आलं तो दिवस आठवतो तुला? लोखंडी रॅकमध्ये बसणारी चपटी पेटी, पुढे छोटा पडदा, हिरव्या-पिवळ्या-लाल दिव्यांच्या रांगा. 'मास्टरिंग प्रोसेसर' हे नाव तू असं उच्चारलंस, जसं घरात नवीन सून आलीय. मिक्सरमधून निघालेला आवाज स्पीकरकडे किंवा रेकॉर्डिंगकडे जायच्या आधी शेवटचा हात या पेटीचा फिरतो, असं समजावलेलंस. "सुजा, ही म्हणजे इस्त्री. कपडा कितीही चांगला शिवलेला असू दे, इस्त्रीशिवाय घराबाहेर काढायचा नाही."

आणि लगेच पुढे, "याला हात लावू नको. सेटिंग हलेल."

मी? त्याआधी आपल्या चाळीतली हळद, बुद्धपौर्णिमा, कोणाचं बारसं, सगळीकडे मिक्सरवर मीच बसायचे ना? वायरी मीच गुंडाळायचे, माइक मीच तपासायचे. तू पुढे जाऊन लोकांशी बोलायचास आणि साउंड मी सांभाळायचे. पेटी आली आणि मी एकदम धूळ पुसणारी झाले.

तुझ्या कामाला नावं ठेवत नाही. ठाण्याला राहायला गेल्यावर टेंभी नाक्याच्या आसपास नवरात्रीची कामं तू घ्यायला लागलास, तेव्हा मी दोनदा येऊन बघितलेलं. चौकभर गर्दी, ढोल, ताशा, गाणारी बाई मध्येच किंचाळायची, पण स्पीकर कधी फाटला नाही. आवाज ठरावीक उंचीच्या वर गेला की मशीन त्याला तिथेच अडवायचं. तू लिमिटर लावून बाजूला उभा असायचास, आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या कानावर हात न ठेवता आरामात बसलेल्या. परक्या बायकांच्या कानांची काळजी घेता येत होती तुला. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

आईची गाणी रेकॉर्ड करायची कल्पना तुझी. ते श्रेय तुझंच. तुझ्या कल्याणच्या स्टुडिओत तिला घेऊन मी आलेले. कोणी बघणार नव्हतं तरी ती पांढरी साडी नेसून आली, केसांना तेल लावून. ढोलकीला आपले चाळीतले पगारेकाका. काचेच्या पलीकडे तू. आईनं आधी माइककडे बघितलं, मग माझ्याकडे, मग डोळे मिटले आणि सुरू केलं. दुपारभर गायली. भीमगीतं, पाळणे, तिच्या आईकडून आलेल्या ओव्या. पाणी प्यायलाही थांबत नव्हती.

आईचा आवाज कसा आहे, हे मी तुला सांगायला हवं का? वीटभट्टीवर धूर खाल्लेला गळा तो. खालच्या सुरात उतरली की त्यात खरखर येते, जात्यात भरड दळल्यासारखी. ओळ उचलायच्या आधी ती मोठा श्वास घेते, अगदी ऐकू येण्याएवढा. लहानपणी आपण अर्धवट झोपेत असलो तरी त्या श्वासावरून कळायचं, आता पाळणा सुरू होणार. तुलाही कळायचं. तूच कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचास.

मग महिन्याभराने एका रविवारी तू पेन ड्राइव्ह घेऊन घरी आलास. वंदनावहिनीसुद्धा आलेली. सगळ्यांना बसवलंस. गाणं लागलं.

आवाज गुळगुळीत. काचेवर बोट फिरवल्यासारखा. मोठा-लहान काही नाहीच, सगळं एकाच उंचीवर, वरून चकाकी चढवलेली. खरखर गायब. श्वास तर एकही नाही, प्रत्येक ओळीच्या आधी नुसती कापलेली शांतता. आई थोडा वेळ ऐकत राहिली आणि तुला म्हणाली, "ही कोन बाई गाती रं?"

तू हसलास. "अगं आई, तूच."

"म्या न्हाई ही. चांगली गाती बाई, पन म्या न्हाई."

"प्रोफेशनल झालंय ना, म्हणून तुला ओळखू येत नाही."

मी विचारलं, "दादा, कच्चं रेकॉर्डिंग कुठेय? मशीनमधून काढायच्या आधीचं?" चहाचा घोट घेत तू सांगितलंस, "ते उडवलं. फायनल झाल्यावर कच्चं कशाला ठेवायचं, डिस्क भरते."

डिस्क भरते. त्यानंतर आपण एकमेकांशी सरळ बोललोच नाही. बोललो ते आईच्या औषधांबद्दल, लाइट बिलाबद्दल.

मग आईला न्यूमोनिया झाला. बरी झाली, पण दम गेला. दोन ओळी म्हणून थांबायची. जो आवाज त्या दुपारी तुझ्या स्टुडिओत भरून आलेला, तो परत आला नाही. एकदा सापडलेला तो आवाज तुझ्याकडे होता, आणि तू तो उडवला होतास. मी मनात ठरवलेलं, एकदा तुला समोर बसवून विचारायचंच. त्याआधीच तू स्टुडिओच्या जिन्यात कोसळलास. ॲम्ब्युलन्स यायच्या आत सगळं संपलं. आता मी विचारायचं कोणाला?

वहिनीने ती पेटी माझ्याकडे पाठवली. "ताई, तुम्हीच ठेवा. मला बघवत नाही." मी ती कपाटाच्या वर ठेवून दिली आणि येता-जाता तिला शिव्या घातल्या. खरंच घातल्या. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं, या डब्याने आईला खाल्लं. तू आपला साधा माणूस, डब्याच्या नादी लागलास.

म्हणजे बघ, तोपर्यंत मी तुला अर्धं माफ करून बसलेले.

काल विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांचा शेवटचा कार्यक्रम होता. महिला मंडळाच्या बायकांनी आईला गळ घातली, आजी, एक गाणं म्हणाच. आई म्हणाली, "यक म्हनते. दम लागला तर बसंन." साउंडवाला आयत्या वेळी आला नाही, म्हणून दुपारी मी घरातले जुने दोन स्पीकर आणि मिक्सर नेले. तुझी पेटी का नेली, माहीत नाही. कदाचित तिला दाखवायला, की तुझ्याशिवाय आमचं अडत नाही.

जोडली आणि बायपासचं बटण दाबलं. म्हणजे आवाज आत येईल तसाच बाहेर जाणार, पेटी मध्ये काही करणार नाही.

आई उभी राहिली. पगारेकाकांनी ठेका धरला आणि दुसऱ्याच ओळीला आईचा आवाज ढोलकीखाली दबला. मागून बायका हातवारे करायला लागल्या, ऐकू येत नाही म्हणून. मी आवाज वाढवला, तर स्पीकरमधून शिट्टी फुटली. आई दचकून थांबली. माइकवर हात ठेवून म्हणाली, "सुजे, काय झालं गं? माझं काय चुकलं?"

दादा, सत्तरी उलटलेली बाई भर विहारात विचारतेय, माझं काय चुकलं.

मी बायपास काढलं. इतकी वर्षं तुझ्या मागे उभी राहून बघितलेलं काही वाया गेलं नव्हतं. ही पेटी आवाजाचे तीन पट्टे करते, खालचा, मधला, वरचा, आणि प्रत्येकाला वेगळं धरता येतं. ढोलकीची घुम खालच्या पट्ट्यात असते, ती तेवढी दाबली. मधल्या पट्ट्यात आईचा गळा. त्याला हात लावला नाही. सगळ्यात शेवटी लिमिटर लावला, दारात राखणदार ठेवावा तसा, जेमतेम. काकांना मान हलवून खूण केली.

आईनं श्वास घेतला. तो श्वास मागच्या भिंतीपर्यंत गेला. बडबडणाऱ्या बायका गप्प झाल्या. मग ओळ आली आणि खाली उतरताना ती खरखर आली, कमजोर, पण तीच. ढोलकी तिच्या शेजारून चालत होती, अंगावरून नाही. एक म्हणते म्हणणारी आई दुसरं गाणंही पुरं गायली, तिसऱ्याला खुर्ची मागितली आणि बसून गायली.

मी पेटीपाशी उभी होते आणि तेव्हा मला कळलं. पेटीचा दोष नव्हता रे. तिला जे सांगू ते ती करते. ढोलकी अडव म्हटलं तर ढोलकी अडवते, आई पुस म्हटलं तर आई पुसते. मला हे एका दुपारी जमलं. तुला येत नव्हतं? तुला तर सगळं येत होतं. म्हणजे ते चुकून झालं नाही. तू तिथे बसून, ऐकून ऐकून, तिचा एकेक श्वास शोधून कापलास.

का? मी सांगू? तुला तिची लाज वाटायची.

तुझ्या व्हिजिटिंग कार्डावर नुसतं 'विजय', आडनाव नाही, ते मी बघितलेलं. ठाण्याच्या तुझ्या घरी कोणी आलं की तू आईला म्हणायचास, "आई, जरा हळू बोल." ती हळू बोलायची. नंतर नंतर बोलायचीच नाही, आतल्या खोलीत जाऊन बसायची. ती भट्टी, ती चाळ, ते 'न्हाई' आणि 'हाय', हे सगळं तुला ऐकू यायचं त्या खरखरीत. ते रेकॉर्डिंग ठाण्यातल्या तुझ्या ओळखीच्यांना ऐकवता यावं, आणि ऐकून कोणी विचारू नये की ही बाई कुठली, एवढ्यासाठी केलंस ना?

मला कळत नाही असं समजू नको. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते मीही बघितलंय. डोंबिवलीत भाड्याने घर शोधताना चावी हातात आलेली आणि नाव ऐकून परत घेतलेली आहे माझ्याकडून. रात्रभर रडलेले तेव्हा. पण म्हणून मी घरी येऊन आईचा गळा घासायला नाही बसले.

काल रिक्षातून परत येताना आई खुशीत होती. घरी आल्यावर हातपाय धुतले आणि रोजच्यासारखं म्हणाली, "लाव गं ते. विजाचं." हो, रोज लावायला सांगते. तुझं ते गुळगुळीत रेकॉर्डिंग. मला आज सहन झालं नाही.

"आई, ती तू नाहीस असं तूच म्हणालेलीस ना?"

"न्हाईच म्या."

"मग कशाला ऐकतेस?"

"बसून बसून त्यानं केलंय ते. त्याचा हात हाय त्यात. म्या गानं कुठं ऐकती? त्यालाच ऐकती."

हे ऐकून मी विरघळले असं वाटतंय तुला? नाही विरघळले. आणखी संतापले. तू तिला तिच्याच गाण्यातून बाहेर काढलंस, आणि तिने त्या रिकाम्या जागी तुलाच बसवलं. एवढी आई तुला मिळालेली, दादा. आणि तू तिला हळू बोल म्हणायचास.

तर आता माझं ऐक. स्टुडिओचं भाडं भरलेलं आहे तोपर्यंतची चावी वहिनीने मला दिलीय. येत्या रविवारी मी आईला तिथे नेणार. जेवढा दम असेल तेवढं गाईल, दम संपला की थांबेल, खोकला आला तर खोकेल. सगळं ठेवीन. कच्चं रेकॉर्डिंग माझ्याकडे, वहिनीकडे आणि पगारेकाकांच्या घरी. तुझी पेटीही असेल तिथे, मी सांगेन तेवढंच करणारी.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. आईने केलं असेल, तो तिचा हक्क.

एक वचन मात्र देते. ते तुझं रेकॉर्डिंग मी कधी उडवणार नाही. आई रोज संध्याकाळी मागेल तोवर रोज लावीन, आणि ती ऐकते तेव्हा शेजारी बसेन, तोंडातून शब्द न काढता. मला किती चीड येते, ते तिला कळू देणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
सुजाता