पानं कोण पुसतंय?

८ एप्रिल, मंगळवार

साइट पुन्हा झोपली! दुपारी चार दहाला, टोर्नेडोचा इशारा लागल्या लागल्या. अर्ध्या डॅलसनं एकदम आमची बातम्यांची साइट उघडली — आणि समोर नुसता पांढरा स्क्रीन. एका बाईचा मेल आलाय: मुलांना घेऊन बाथटबमध्ये लपून बसले होते, वादळ कुठवर आलंय तेच कळेना.

हे होऊ नये म्हणूनच तर वर्षभर राबले. प्रत्येक वाचकासाठी पान नव्यानं बनवायचं नाही. एकदा बनवून त्याची प्रत ठेवायची, तीच लाखांना द्यायची. मग प्रती गेल्या कुठं?

९ एप्रिल

लॉग पाहिले — सर्व्हरवर कुणी कधी काय केलं त्याच्या नोंदी. चार नऊला कुणीतरी सगळ्या प्रती पुसल्या. नाव — केदार! नागपूरचा, जानेवारीत माझ्या टीममध्ये आलेला. सरळ वाटला होता.

१० एप्रिल

मी जवळ गेले की स्क्रीनवरचं झटकन बंद करतो. आज कॉफी मशीनपाशी विचारतो, "यार पद्मिनी, तुझा मागच्या वर्षीचा कोड कुणी तपासला होता गं?"

का? माझ्या जुन्या फाइली कशाला चाळतोय हा? ले-ऑफची कुजबुज आहे. दोघांतल्या एकालाच ठेवणार असतील तर?

११ एप्रिल

"लंचला येतेस? एकटीच ये, थोडं बोलायचंय." — केदार.

बिझी आहे म्हटलं. गोड बोलून माझ्याकडून काय काढून घ्यायचंय, देव जाणे.

१४ एप्रिल

मॅनेजर ब्रायनला लॉग दाखवले. "आर यू शुअर?"

"हंड्रेड पर्सेंट," म्हणाले.

१५ एप्रिल

केदारला काढलं. सामान एका खोक्यात मावलं. वर्क व्हिसावर आहे — साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर परत. त्याची मुलगी रुही दोन वर्षांची आहे. पण मी काय करणार? नाव त्याचंच होतं ना!

१७ एप्रिल, गुरुवार

गारपिटीचा इशारा. साइट पुन्हा बंद. आणि लॉगमध्ये — पुन्हा केदार! त्याचं लॉगिन तर परवाच काढून घेतलंय. घरून करतोय? सूड उगवतोय?

ब्रायन म्हणाला, त्याचं सगळं काम उघडून बघ.

१८ एप्रिल

बघितलं. इशारा प्रसिद्ध झाला की सगळ्या प्रती आपोआप पुसणारी ओळ — माझी. मागच्या मे महिन्यात मीच लिहिलेली, कुणाला जुनं पान दिसू नये म्हणून. ती कुणाच्या लॉगिनवर नाही, एका सिस्टीम अकाउंटवर आपोआप चालते; त्यावर जबाबदार म्हणून केदारचं नाव, तेही तो आला तेव्हा मीच जानेवारीत घातलेलं. केदारच्या फाइलींत त्या ओळीची दुरुस्ती जवळजवळ पूर्ण होती. शेजारी टीप: "पद्मिनीला आधी एकटीला सांगायचं. ब्रायनसमोर नको."

ब्रायनला सगळं लिहून पाठवलं. मग केदारला फोन लावला.

"बोल," म्हणाला.

"ती ओळ माझीच होती, केदार," म्हणाले.